व्हिएतनाम युद्धावरच्या मालिका: कोणती पाहावी, कोणत्या क्रमाने आणि का

व्हिएतनाम युद्धावरची मालिका निवडताना दिग्दर्शकाच्या नावाआधी ती कोणत्या साली तयार झाली हे पाहावं. १९८०च्या आसपास ज्यांनी चित्रीकरण केलं त्यांना युद्ध चालवणारी माणसं प्रत्यक्ष भेटली, पण त्या माणसांचे गोपनीय कागद आणि टेलिफोनच्या ध्वनिफिती तेव्हा कुलुपात होत्या. २०१७पर्यंत बरीच कुलपं उघडली होती, पण युद्ध चालवणारे बहुतेक जण हयात नव्हते. बोलायला उरले होते ते युद्धकाळात विशी-पंचविशीत असलेले सैनिक, निदर्शक, परिचारिका आणि उत्तरेकडचे स्वयंसेवक. २०२५च्या मालिका दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्याच्या पन्नासाव्या वर्षाचं निमित्त साधून आल्या. युद्ध तेच असलं तरी प्रत्येक वेळी साक्षीला उभे राहिलेले लोक वेगळे, म्हणून निष्कर्षही वेगळे.

खरी निवड तीन मालिकांमध्ये आहे. पहिली 'व्हिएतनाम: अ टेलिव्हिजन हिस्टरी' (१९८३), बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीने ब्रिटिश आणि फ्रेंच वाहिन्यांच्या साथीने केलेली, एकेका तासाचे १३ भाग. दुसरी केन बर्न्स आणि लिन नोविक यांची 'द व्हिएतनाम वॉर' (२०१७), १० भाग, निर्मात्यांच्याच हिशेबाने सुमारे १८ तास. तिसरी ब्रायन नॅपनबर्गर यांची 'टर्निंग पॉइंट: द व्हिएतनाम वॉर', ३० एप्रिल २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आलेली, ५ भागांची. यांच्या कडेला आणखी दोन आहेत: कॅनडाचे पत्रकार मायकेल मॅक्लिअर यांची 'व्हिएतनाम: द टेन थाउजंड डे वॉर' (१९८०, अर्ध्या तासाचे २६ भाग) आणि ॲपल टीव्हीची 'व्हिएतनाम: द वॉर दॅट चेंज्ड अमेरिका' (२०२५, ६ भाग). नावं इतकी सारखी आहेत की शोधताना गल्लत होतेच. साल जोडून शोधलं तर हवी ती सापडते.

आधी आवृत्ती तपासा

सगळ्यात जास्त फसगत होते ती आवृत्तीत. २०१७च्या मालिकेचे मूळ भाग दीड तास ते पावणेदोन-दोन तासांचे आहेत. परदेशी वाहिन्यांसाठी तिची छाटलेली आवृत्ती निघाली, तिचा प्रत्येक भाग तासाभराच्या आत बसतो. तुमच्यासमोर आलेला भाग ५०-५५ मिनिटांत संपत असेल तर जवळपास निम्मी मालिका गळालेली आहे. युद्धाच्या मुख्य घटना तिच्यात राहतात. जातात ती माणसं. एखादा तरुण भरती का झाला, घरच्यांशी काय बोलला, त्याची आई दारावर येणाऱ्या गाडीकडे कशी पाहायची, हे सगळं कात्रीत सापडतं, आणि या मालिकेचा जीव नेमका तिथेच आहे. छाटलेलीच मिळत असेल तर तिच्यापेक्षा १९८३ची पूर्ण मालिका आम्ही आधी सुचवू.

अमेरिकन प्रक्षेपणात या मालिकेच्या दोन प्रती होत्या. एका प्रतीत सैनिकांच्या तोंडचे शिव्याशाप जसेच्या तसे आहेत, दुसरीत आवाज बंद केलेला आहे. शाळकरी मुलांसोबत पाहणार असाल तर दुसरी शोधावी.

१९८३च्या मालिकेचंही तेच. तिची १९९७ साली 'अमेरिकन एक्स्पीरियन्स' या मालेसाठी पुन्हा जुळणी झाली आणि १३चे ११ भाग झाले. सुरुवातीचे फ्रेंच काळावरचे दोन भाग एकत्र दाबले गेले, आणि 'लेगसीज' हा युद्धानंतरचा शेवटचा भाग गेला. फ्रेंचांचा काळ समजून घ्यायचा असेल तर १३ भागांचीच प्रत हवी. पहिल्या भागाचं नाव 'रूट्स ऑफ अ वॉर' आणि दुसऱ्याचं 'द फर्स्ट व्हिएतनाम वॉर' असं स्वतंत्र दिसलं की प्रत मूळची आहे असं समजावं.

२०१७ची मालिका: काय देते, कुठे अडखळते

'द व्हिएतनाम वॉर' करायला दहा वर्षं लागली. लेखन जेफ्री वॉर्ड यांचं, निवेदन पीटर कोयोटी यांचं, मूळ संगीत ट्रेंट रेझ्नॉर आणि ॲटिकस रॉस यांचं, शिवाय त्या काळातली शंभरावर गाणी. कॅमेऱ्यासमोर सुमारे ऐंशी साक्षीदार आहेत. बर्न्स आणि नोविक यांनी एक नियम पाळला: किसिंजर, जॉन मॅकेन, जॉन केरी अशी सार्वजनिक आयुष्यात मोठी झालेली माणसं कॅमेऱ्यासमोर बसवायची नाहीत. ज्यांना आपली प्रतिमा सांभाळायची आहे त्यांच्यापेक्षा ज्यांना फक्त आठवतं आहे त्यांना बोलू द्यायचं. हा निर्णय मालिकेची ताकद ठरला आणि तिची मर्यादाही.

ताकद अशी की साक्षी भागांमधून वाहत राहतात. न्यूयॉर्क राज्यातल्या मोगी क्रॉकर या मुलाची गोष्ट त्याची आई आणि बहीण सांगतात. ती एका भागात आटोपत नाही, तिसऱ्या-चौथ्या भागांतून टप्प्याटप्प्याने पुढे जाते. लष्करी डॉक्टर हॅल कुशनर १९६७च्या अखेरीस पकडले गेले आणि १९७३ साली सुटले. त्यांची कैदही प्रेक्षकाला अनेक भागांवर पसरलेली सोसावी लागते. म्हणून ही मालिका मधूनच एखादा भाग उचलून पाहण्यासारखी नाही. तिसरा पाहिला तर चौथा पाहायलाच हवा. पाचवा सुरू केला तर नववा होईपर्यंत थांबू नये.

उत्तरेकडचे लोक इथे शत्रू म्हणून येत नाहीत. बाओ निन्ह हे कादंबरीकार तेव्हा पायदळात होते. ले मिन्ह खुए ही लेखिका किशोरवयात युवक स्वयंसेवक दलात गेली आणि हो ची मिन्ह मार्गावर, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेला रसद नेणाऱ्या वाटेवर, काम करत होती. ही माणसं व्हिएतनामीत बोलतात आणि खाली इंग्रजी उपशीर्षकं येतात, म्हणून जेवता जेवता पाहण्याजोगी ही मालिका नाही. नजर पडद्यावर हवी. त्यांचं बोलणं विजयाच्या घोषणांचं नाही. किती माणसं गेली आणि त्याबद्दल घरी बोलायलाही किती बंदी होती, हे ते सांगतात.

या मालिकेची दुसरी जमेची बाजू म्हणजे ध्वनिफिती. २७ मे १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन सिनेटर रिचर्ड रसेल यांच्याशी आणि सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी फोनवर बोलले. हे युद्ध लढण्याच्या लायकीचं वाटत नाही आणि त्यातून बाहेरही पडता येत नाही, असा त्या बोलण्याचा सूर आहे. हे पहिल्या लढाऊ तुकड्या दा नांगला उतरण्याच्या नऊ-दहा महिने आधीचं. तसंच १९६८च्या निवडणुकीचं. पॅरिसच्या शांततेच्या बोलण्यांतून दक्षिण व्हिएतनामने लांब राहावं म्हणून रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांच्या गोटातून निरोप जात असल्याचं जॉन्सन यांना कळलं, आणि त्यांनी रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना फोनवर हा देशद्रोह आहे असं सांगितलं. हे त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. कितीही चांगलं निवेदन असलं तरी त्याला या आवाजाची सर नाही.

आता अडखळणं. पहिल्याच भागात निवेदक सांगतो की हे युद्ध सभ्य माणसांनी सद्हेतूने, गैरसमजातून, फाजील आत्मविश्वासातून सुरू केलं. या एका वाक्यावर अमेरिकेत सर्वाधिक टीका झाली आणि ती रास्त आहे. मालिकेतच पुढे येणारा पुरावा या वाक्याला छेद देतो. पेंटागॉन पेपर्समध्ये, म्हणजे युद्धावरच्या अमेरिकी सरकारच्या फुटलेल्या गोपनीय अभ्यासात, संरक्षण खात्यातले जॉन मॅकनॉटन यांचं मार्च १९६५चं एक टिपण आहे. त्यात युद्धाच्या उद्दिष्टांची टक्केवारीच मांडली आहे: ७० टक्के अमेरिकेची नामुष्की टाळणं, २० टक्के तो प्रदेश चीनच्या हाती पडू न देणं, आणि १० टक्के दक्षिण व्हिएतनामी लोकांना बरं, मोकळं आयुष्य मिळवून देणं. हे टिपण लिहिणाऱ्याला गैरसमज झालेला नव्हता. तेव्हा पहिल्या भागातलं ते वाक्य निष्कर्ष म्हणून न घेता दिग्दर्शकांचं मत म्हणून ऐकावं.

दुसरी उणीव दक्षिण व्हिएतनामची. दक्षिणेच्या सैन्याचे दोन लाखांहून अधिक सैनिक मेले. तरीही मालिकेत अमेरिकन सैनिक आणि उत्तरेकडचे सैनिक जितके जवळून दिसतात तितके सायगावच्या बाजूचे दिसत नाहीत. नापाम बॉम्बने भाजून पळणाऱ्या फान थी किम फुक या मुलीचं छायाचित्र सगळ्यांना माहीत असतं, पण १९७२च्या वसंतात आन लोक आणि क्वांग त्रीला दक्षिणेच्या तुकड्या काय सोसत होत्या हे फार थोड्यांना. अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिएतनामी निर्वासितांनी ही तक्रार जोरात मांडली. हाच समाज १९८३च्या मालिकेवरही चिडला होता.

१९८३ची मालिका: जुनी, पण टाकाऊ नव्हे

पत्रकार स्टॅन्ली कार्नो हे या मालिकेचे प्रमुख वार्ताहर, रिचर्ड एलिसन कार्यकारी निर्माते, आवाज विल लायमन यांचा. चित्रण आज फिकट वाटतं आणि संगीत जवळपास नाहीच. ज्याला भावनेपेक्षा बांधणी हवी त्याला हा कोरडेपणा आवडेल. प्रत्येक भाग एका प्रश्नावर उभा आहे: फ्रेंच का हरले, दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष दिएम यांना अमेरिकेने आधी उचललं का आणि मग सोडलं का, उत्तर व्हिएतनाम बॉम्बहल्ल्यांत तगलं कसं, लाओस-कंबोडियाचं काय झालं, अमेरिकेतल्या रस्त्यांवर काय चाललं होतं. घटना सालवार न घेता विषयवार घेतल्यामुळे एकेक भाग सुटा पाहता येतो. वर्गात किंवा अभ्यासगटात दाखवायचं असेल तर हा मोठाच फायदा.

साक्षीदारांच्या बाबतीत तर तिची बरोबरी कोणीच करू शकत नाही. उत्तर व्हिएतनामचे सेनापती जनरल जियाप आणि पंतप्रधान फाम वान दाँग, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क, संरक्षणमंत्री झालेले क्लार्क क्लिफर्ड, सायगावचे हवाईदल प्रमुख आणि नंतर पंतप्रधान झालेले न्गुएन काओ की, हे सगळे स्वतः बोलतात. १९४५मध्ये हनोईत हो ची मिन्ह यांच्या संपर्कात असलेले अमेरिकन गुप्तचर अधिकारी आर्किमिडीज पॅटी यांची साक्षही इथेच आहे. अमेरिकेचा आणि हो ची मिन्ह यांचा काही काळ एकच शत्रू होता, जपान, ही गोष्ट त्या माणसाच्या तोंडून ऐकण्याचं मोल वेगळं. या मालिकेच्या मुलाखतींचा मोठा भाग वाहिनीने आपल्या संग्रहात ऑनलाइन ठेवला आहे, लिखित उताऱ्यांसह. संशोधन करणाऱ्याला मालिकेपेक्षा तो साठा अधिक उपयोगी पडेल.

पण मोठ्या माणसांच्या मुलाखतींत एक धोका असतो. १९८१-८२च्या सुमारास हनोईत जे बोलले ते पक्षाच्या शिस्तीतूनच बोलले. त्यांच्या सांगण्यातून एकजुटीचं, हो ची मिन्ह यांच्या छायेतलं नेतृत्व दिसतं. पुढे उघड झालेल्या कागदांतून आणि संशोधनातून कळलं की साठच्या दशकात खरी सूत्रं पक्षप्रमुख ले दुआन यांच्या हाती होती, हो ची मिन्ह आणि जियाप बऱ्याच अंशी बाजूला पडले होते, आणि १९६८च्या टेटच्या (व्हिएतनामी नववर्षाच्या) हल्ल्याचा आग्रह ले दुआन यांच्या गोटाचा होता. १९८३ची मालिका हे सांगू शकत नाही. २०१७ची पहिल्या भागांपासूनच ले दुआन यांना मध्यभागी आणते. फक्त १९८३ची पाहून कोणी 'जियाप यांनी टेट लढवलं' असं उत्तरपत्रिकेत लिहिलं तर चूक त्याच्या मालिकेच्या वयात आहे.

अमेरिकेत या मालिकेला उत्तर म्हणून १९८५ साली चार्ल्टन हेस्टन यांच्या निवेदनाने एक प्रतिमाहितीपट दाखवला गेला. उत्तरेला झुकतं माप दिलं, असा आक्षेप होता. टेटच्या वेळी उत्तरेच्या बाजूने ह्युए शहरात केलेल्या हत्यांबाबत आणि उत्तरेतल्या १९५३-५६च्या जमीनसुधारणेतल्या मृत्यूंबाबत मालिका पुरेशी कडक नाही, या आक्षेपात तथ्य आहे.

तीन प्रसंग, दोन मालिका

नुसतं ऐकून निवड होत नसेल तर तेच प्रसंग दोन्हींत शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

टोंकिनचं आखात. २ ऑगस्ट १९६४ला उत्तरेच्या गस्ती नौकांनी अमेरिकन विनाशिकेवर हल्ला केला, हे खरं. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता. तरी ७ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव अमेरिकन संसदेत संमत झाला, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी आणि कनिष्ठ सभागृहात एकही विरोधी मत न पडता. १९८३च्या चौथ्या भागात दुसऱ्या हल्ल्याबद्दल दाट शंका आहे. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपल्याच इतिहासकाराचा अभ्यास खुला केला आणि शंकेची खात्री झाली, त्यामुळे २०१७च्या तिसऱ्या भागाला चाचपडावं लागत नाही. पण निर्णयप्रक्रियेची शिस्तशीर मांडणी जुन्या भागात जास्त स्पष्ट आहे.

टेट, १९६८. जुन्या मालिकेचा सातवा भाग पूर्णपणे टेटवर आहे आणि लष्करी हार पण राजकीय जीत हे कोडं तो नीट उलगडतो. २०१७चा सहावा भाग पसरट आहे, कारण त्यात सायगावच्या रस्त्यावर पोलीस प्रमुखाने कैद्याला गोळी घालण्याचा प्रसंग, जॉन्सन यांची निवडणुकीतून माघार, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या, सगळं एकमेकांवर आदळतं. मात्र ह्युएच्या हत्यांबद्दल उत्तरेच्या बाजूने लढलेला माणूस स्वतः बोलतो, आणि आपण हे बोलतो आहोत याची भीतीही बोलून दाखवतो. या एका कबुलीसाठी सहावा भाग पाहावा.

लाओस आणि कंबोडिया. इथे १९८३ची मालिका निर्विवाद पुढे आहे; तिने या दोन देशांना नववा भाग पूर्ण दिला आहे. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले, आणि त्यातले न फुटलेले आजही शेतात सापडतात. दहा भागांच्या मालिकेत लाओसला इतकी कमी जागा मिळावी हा २०१७च्या मालिकेचा सर्वांत मोठा दोष आम्ही मानतो, पहिल्या भागातल्या त्या वाक्यापेक्षाही मोठा.

आकड्यांबाबत एक सूचना. माय लाय या खेड्यात १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी मारलेले लोक अमेरिकन तपासात ३४७ आहेत आणि व्हिएतनामच्या स्मारकावर ५०४. अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक गेले हा आकडा नावानिशी वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या भिंतीवर कोरलेला आहे. व्हिएतनामी मृतांचा असा हिशेब नाही; तिथल्या सरकारने १९९५ साली सुमारे ११ लाख लढवय्ये आणि २० लाख नागरिक असा अंदाज दिला, त्यात दक्षिणेचे सैनिक नाहीत. मालिकांमध्ये आकडे जुळत नाहीत तेव्हा मोजणारा कोण आणि त्याने कोणाला वगळलं, हे आधी पाहावं.

२०२५च्या दोन आणि १९८०ची एक

'टर्निंग पॉइंट' पाच भागांत युद्ध संपवते. सीबीएस वाहिनीचा बातम्यांचा साठा तिच्या हाती आहे, त्यामुळे तेव्हा घरातल्या टीव्हीवर रोज काय दिसत होतं ते ताजेपणाने समोर येतं. तिचा रोख एका गोष्टीवर आहे: सरकार खोटं बोललं, ते उघडं पडलं, आणि अमेरिकन माणसाचा सरकारवरचा विश्वास तेव्हा जो तुटला तो आजवर सांधला नाही. हे सूत्र पक्कं धरल्यामुळे ती वेगवान आणि समजायला सोपी झाली आहे. याच कारणाने व्हिएतनामचा स्वतःचा इतिहास तिच्यात मागे पडतो. फ्रेंच वसाहत, १९४५चा भूकबळींचा काळ, दिएन बिएन फूचा फ्रेंचांचा पराभव, हे घाईत उरकलेलं आहे. युद्धाबद्दल काहीच माहिती नसलेल्याने आठवडाअखेरीस पाहायला ती चांगली. २०१७ची पाहून झालेल्याला तिच्यातून थोडंच नवं मिळेल.

ॲपल टीव्हीची मालिका त्याहून मर्यादित आहे. मोजक्या माणसांच्या आठवणी, जुन्या सोबत्यांच्या भेटी, ईथन हॉक यांचं निवेदन. भावनेला हात घालते, पण कारणमीमांसा शोधणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करू नये.

'टेन थाउजंड डे वॉर' अगदी वेगळ्या कारणासाठी ठेवावी. मॅक्लिअर यांनी युद्धकाळात हनोईतून वार्तांकन केलं होतं, आणि संहिता पीटर आर्नेट यांची, ज्यांना व्हिएतनाममधल्या वार्तांकनासाठी १९६६ साली पुलित्झर मिळालं. अर्ध्या तासाच्या भागांत हवाई युद्ध, हो ची मिन्ह मार्ग, खे सान्हचा वेढा, खेड्यांतलं युद्ध असे विषय आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या प्रती बहुधा धुरकट असतात. एखादाच विषय तीस मिनिटांत हवा असेल तर ही मालिका कामाची.

पूर्ण मालिकेला वेळच नसेल तर तीन चित्रपट आहेत, पण तिन्ही एकेका कोनातून. 'हार्ट्स अँड माइंड्स' (१९७४) युद्ध चालू असताना झाला, उघडपणे युद्धविरोधी आहे आणि त्याला ऑस्कर मिळालं. पूर्वेकडच्या लोकांना जिवाची किंमत कमी, असं व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख राहिलेले जनरल वेस्टमोरलंड सांगतात आणि शेजारी एका व्हिएतनामी अंत्यविधीतला आक्रोश दिसतो. ही जुळणी प्रेक्षकाला एका बाजूला ढकलण्यासाठीच केलेली आहे, तेवढं भान ठेवून पाहावं. 'द फॉग ऑफ वॉर' (२००३) म्हणजे युद्धकाळातले अमेरिकन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांची एकट्याची दीर्घ मुलाखत. ते किती कबूल करतात याइतकंच ते कुठे विषय बदलतात इकडे लक्ष ठेवावं. 'लास्ट डेज इन व्हिएतनाम' (२०१४) एप्रिल १९७५च्या शेवटच्या दिवसांवर आहे. दक्षिणेच्या ज्या लोकांना मोठ्या मालिका विसरतात ते इथे दूतावासाच्या फाटकाशी उभे दिसतात.

भारत कुठे आहे?

मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट खटकेल आणि खटकावी. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाममध्ये कराराचं पालन होतं की नाही हे पाहायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. सोबत कॅनडा आणि पोलंड. भारतीय सैनिक आणि अधिकारी हनोई-सायगावात वर्षानुवर्षं होते. जून १९६२च्या खास अहवालात भारत आणि कॅनडाने उत्तर व्हिएतनामची दक्षिणेतली घुसखोरी आणि अमेरिकेची वाढती लष्करी मदत, दोन्ही करारभंग म्हणून नोंदवले, आणि पोलंडने वेगळं मत दिलं. मुख्य तिन्ही मालिका आयोगाला जेमतेम स्पर्श करतात. १९५४ ते १९६२ या वर्षांत भारताची भूमिका हवी असेल तर मालिकांवर विसंबून चालणार नाही. आयोगाचे अहवालच वाचावे लागतील. स्पर्धा परीक्षांच्या जागतिक इतिहासासाठी तयारी करणाऱ्यांनी तर हा भाग वेगळा काढून अभ्यासावा.

कोणी काय घ्यावं

एकच मालिका पाहायची आणि महिना-सव्वा महिना देता येतो: २०१७ची, मूळ लांबीची, आठवड्याला दोन भाग. एका दिवसात दोन पाहू नयेत. तिसरा आणि चौथा भाग इतके भरगच्च आहेत की सलग पाहिल्यास ठिकाणांची आणि तुकड्यांची नावं एकमेकांत मिसळतात. जवळ नकाशा ठेवावा, आणि त्यावर १७वा अक्षांश (उत्तर आणि दक्षिण व्हिएतनामची सीमा), ह्युए, दा नांग, खे सान्ह, सायगाव आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश एवढ्या जागा आधी खुणावून घ्याव्यात. हे केलं नाही तर दुसऱ्या भागातच वाट चुकते.

परीक्षेसाठी किंवा शिकवण्यासाठी: १९८३ची. त्यातही पहिले चार भाग आणि नववा सोडू नयेत.

एका शनिवार-रविवारात ओळख करून घ्यायची असेल तर 'टर्निंग पॉइंट'. आवडली तर लगेच २०१७चा पहिला भाग लावावा, म्हणजे राहिलेला फ्रेंच काळ भरून निघेल.

आमची पसंती मात्र मिश्र क्रमाला. १९८३चे भाग १ आणि २. मग २०१७चे भाग २ आणि ३. मध्ये १९८३चा सहावा, 'अमेरिकाज एनिमी', जो उत्तरेचं युद्ध उत्तरेच्या बाजूने दाखवतो. त्यानंतर २०१७चा सहावा. १९८३चा नववा, लाओस-कंबोडियाचा. पुढे २०१७चे आठवा आणि नववा. आणि अखेरीस 'लास्ट डेज इन व्हिएतनाम'. साधारण १४ तास होतात. या क्रमात २०१७चे चौथा आणि पाचवा भाग सुटतात, म्हणजे क्रॉकर कुटुंबाची गोष्ट अर्धवट राहते आणि कुशनर कैदेत कसे पडले तेही कळत नाही. तेवढी किंमत मोजायची नसेल तर ते दोन जोडून सतरा-साडेसतरा तास धरावेत.

मुलांसोबत पाहणाऱ्यांनी कोणत्या भागात काय येतं हे आधी माहीत करून घ्यावं. २०१७च्या दुसऱ्या भागात थिच क्वांग दुक या भिक्खूंचं ११ जून १९६३चं आत्मदहन आहे, सहाव्यात रस्त्यावरची गोळी, आठव्यात माय लायची छायाचित्रं आणि ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातला गोळीबार, नवव्यात नापामने भाजलेली मुलं. वयाच्या चौदा-पंधरापर्यंत सहावा आणि आठवा भाग मोठ्या माणसाने आधी एकट्याने पाहून मगच ठरवावं.

लढाईच्या दृश्यांबद्दल मोठ्यांनीही एक जाणून असावं. त्या काळची रणभूमीवरची बरीच फिल्म मूक आहे. गोळ्यांचा, हेलिकॉप्टरच्या पात्यांचा, पावलांखालच्या चिखलाचा जो आवाज ऐकू येतो तो बऱ्याचदा नंतर स्टुडिओत चढवलेला असतो, आणि २०१७च्या मालिकेत हे काम फार बारकाईने केलेलं आहे. त्यामुळे ते दृश्य प्रत्यक्षाहून अधिक प्रत्यक्ष वाटतं. टेलिफोनच्या ध्वनिफितींचं तसं नाही. तो मूळचा आवाज. अभ्यासगटात चर्चा घ्यायची असेल तर सुरुवात तिथून करावी: १९८३चा चौथा भाग आणि २०१७चा तिसरा लागोपाठ दाखवून, जुन्या भागात नसलेला कोणता पुरावा नव्यात आला आणि त्यामुळे जॉन्सन यांच्याबद्दलचं मत कुठे बदललं, हे गटातल्या प्रत्येकाला लिहून काढायला सांगावं.